कॅमेरा नंतर, आधी आवाज : विद्यार्थ्यांच्या टीव्ही केंद्राबद्दल वाचकांचे प्रश्न

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या टीव्ही केंद्राविषयी काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. बडोद्याहून इतकी पत्रं आली की या वेळचा स्तंभ बडोदेकरांनाच दिला आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या विभागातली दहा-बाराजणं मिळून टीव्ही केंद्र सुरू करायचं म्हणतोय. परवाना कुणाकडून घ्यायचा?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, दांडिया बाजार

मनोरा, ट्रान्समीटर, घरोघरी अँटेना असं काही डोळ्यांसमोर असेल तर ते सोडून द्या. शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओ २००२पासून मिळू शकतो, तोही १०० वॅटच्या मर्यादेत. टीव्हीसाठी तशी सोय आपल्याकडे नाही. उपग्रह वाहिनीचा परवाना कंपन्यांसाठी असतो आणि त्याला कोटींची नक्त मालमत्ता दाखवावी लागते. तुमच्यापासून फार लांब नाही, नडियादजवळ पिजला १९७५मध्ये खेडा जिल्ह्यातल्या गावांसाठी एक किलोवॅटचा टीव्ही ट्रान्समीटर उभा होता आणि गावकऱ्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम होत. पण तो सरकारी प्रयोग होता आणि पुढे थांबला.

विद्यार्थ्यांची केंद्रं जगात जुनीच आहेत. ग्लासगो विद्यापीठातलं १९६४चं, यॉर्कचं १९६७चं. आज त्यांच्यासारखं काम करायचं तर रस्ता इंटरनेटचा, किंवा कँटीन-वाचनालयातल्या पडद्यांवर विद्यापीठाच्याच नेटवर्कवरून दाखवण्याचा. प्रसारण परवाना नसला तरी कागद लागतातच. कुलसचिवांचं किंवा विभागप्रमुखांचं लेखी पत्र, ज्या सभागृहात चित्रण करायचं त्याची परवानगी, आणि मंचावरच्या प्रत्येकाची संमती. अठरा वर्षांखालचे कलाकार असतील तर पालकांची सही. ही सही कार्यक्रमाच्या दिवशी मेकअपच्या खोलीत मागायची नसते, तालमीच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची.

प्रश्न : दीड लाख रुपये मंजूर झाले आहेत. मुलं म्हणतात चांगला मिररलेस कॅमेरा घेऊ, उरलेल्यात बाकीचं. बरोबर आहे का?
– प्राध्यापक, कारेलीबाग

नाही. या बेतात उरलेल्यातलं 'बाकीचं' म्हणजे माइक, केबल, स्टँड आणि वीज, आणि कार्यक्रम नेमका तिथेच पडतो. प्रेक्षक थोडं धूसर चित्र पाहत बसतो. फाटलेला आवाज मात्र दोन मिनिटांत बंद करतो. निम्म्याहून कमी पैसे कॅमेऱ्यांवर घाला. नव्या एका कॅमेऱ्याऐवजी दोन वापरलेले कॅमकॉर्डर घ्या. घेण्याआधी दुकानातच टीव्हीला जोडून पाहा: एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र बाहेर येतं की बॅटरीचं चिन्ह, फोकसची चौकट हेही सोबत येतं? येत असेल आणि मेनूतून जात नसेल, तर तो कॅमेरा थेट प्रक्षेपणाच्या कामाचा नाही.

फोटोच्या जुन्या कॅमेऱ्यांचा आणखी एक ताप म्हणजे रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबणं. त्यामागे तांत्रिक अडचण फारशी नव्हती. अर्ध्या तासावर चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचा कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली, आणि त्याचा भुर्दंड आपल्या स्नेहसंमेलनाला. शिवाय मे महिन्यात बडोद्याच्या बंद सभागृहात लहान अंगाचे कॅमेरे तापून आपोआप बंद पडतात. कॅमकॉर्डरला हे दोन्ही त्रास कमी.

बाकी यादी अशी: चार इनपुटचा लहान स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जाईल ते ठरवणारं यंत्र), वायरचे दोन कॉलर माइक, एक आखूड शॉटगन माइक, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, प्रत्येक कॅमेऱ्याला विजेवर चालवणारा अडॅप्टर, आणि राउटर, स्विचर व लॅपटॉप पंधरा मिनिटं तरी धरेल असा यूपीएस. हेडफोनवर काटकसर करू नका. आवाजातला बिघाड कानाला कळला तरच दुरुस्त होतो.

एचडीएमआयची साधी केबल दहा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. मागच्या रांगेतला कॅमेरा तीस-चाळीस मीटरवर असेल तर एचडीएमआय-ते-एसडीआय (लांब अंतरावर चालणारी चित्राची जोडणी) कन्व्हर्टरची जोडी घ्या आणि ७५ ओहमची, बीएनसी कनेक्टरची केबल टाका. कॅमेऱ्याचं एचडीएमआय सॉकेट नाजूक असतं, कुणाचा पाय केबलमध्ये अडकला की आधी तेच जातं. केबल ट्रायपॉडच्या पायाला एकदा वळसा देऊन बांधली की ओढ सॉकेटवर येत नाही. आणि केबल कोपरावर गुंडाळू नका. एक वळसा सुलटा, एक उलटा, अशी गुंडाळली की पीळ पडत नाही आणि आतली तार वर्षानुवर्षं टिकते.

प्रश्न : गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण केलं. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून आवाज घेतला, तरी सतत घूंऽऽ असा आवाज, गाणं फाटलेलं, आणि ओठ व शब्द जुळत नव्हते. नवरात्रात पुन्हा असंच होईल का?
– तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, मांजलपूर

काही बदललं नाही तर होईलच. हे तीन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

आधी फाटणं. मिक्सरमधून निघतो तो लाइन पातळीचा आवाज, माइकच्या पातळीपेक्षा ४० ते ६० डेसिबलनं मोठा. तो कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घातला की फाटणारच, आणि कॅमेऱ्यावरचा आकडा कमी करून फरक पडत नाही, कारण आवाज आत शिरतानाच चिरडलेला असतो. कॅमेऱ्यात 'लाइन' पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर मध्ये पातळी कमी करणारा पॅड किंवा डीआय बॉक्स लावा. त्याच भोकावर ४८ व्होल्टचा फँटम (माइकला पुरवली जाणारी वीज) चालू राहिलेला नाही ना, हेही बघा. मिक्सरवरून मुख्य आउटपुट मागू नका, स्वतंत्र ऑक्स, म्हणजे वेगळ्या पातळीचं आउटपुट, मागा. मुख्य आउटपुट घेतलं तर साउंडवाला सभागृहासाठी आवाज वर-खाली करेल तसा तुमचाही होईल. पातळी मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तालमीत गायक जितक्या जोरात गातो, त्यापेक्षा कार्यक्रमात जास्तच जोरात गातो; ती जागा आधीच सोडायची.

आता घूंऽऽ. मिक्सर मंचाच्या विजेवर आणि कॅमेरा प्रेक्षागृहातल्या सॉकेटवर असेल तर दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो, आणि आवाजाच्या केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. खात्री करायला कॅमेऱ्याचा अडॅप्टर काढून पाच मिनिटं बॅटरीवर चालवा. घूं गेलं तर दोष याच वाटेचा. मग आवाजाच्या केबलमध्ये एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा किंवा डीआय बॉक्सवरचं ग्राउंड-लिफ्टचं बटण दाबा. सगळं सामान एकाच सॉकेटवर घेता आलं तर त्याहून सोपं. काहीजण तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकतात. घूं जातं खरं, पण एखाद्या यंत्रात बिघाड झाला की तोच प्रवाह माइक धरलेल्या हातातून जातो. असलं करणाऱ्याला केबलला हात लावू देऊ नका. घुमण्याऐवजी चरचर, भुणभुण असा आवाज असेल आणि दिवे मंद-प्रखर करताना तो बदलत असेल, तर दोष डिमरचा. तिथे दिव्यांची वायर आणि माइकची केबल शेजारून नेऊ नका. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

ओठ आणि शब्द. आपल्याकडे २५ फ्रेमने चित्रण केलं तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेरा आणि स्विचर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतात, मिक्सरचा आवाज मात्र लगेच पोचतो. म्हणून आवाज पुढे, चित्र मागे. कार्यक्रमाआधी मंचावर उभं राहून कुणीतरी पाच टाळ्या वाजवाव्यात. त्यांचं रेकॉर्डिंग संपादनात फ्रेम-फ्रेम पाहा. हात भेटतात ती फ्रेम आणि आवाजाची उडी यांत जितक्या फ्रेमचा फरक, तितका विलंब स्विचरमध्ये आवाजाला द्या. बहुतेक वेळा दोन ते चार फ्रेम, म्हणजे ८० ते १६० मिलिसेकंद. आवाज प्रेक्षागृहातल्या माइकने घेतला तर उलटं होतं: ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा १७ मीटरवरचा माइक ५० मिलिसेकंद उशिराच ऐकतो.

सुरुवातीला जुळलेलं अर्ध्या तासाने सुटत असेल तर विलंबाचं बटण व्यर्थ आहे. तेव्हा वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ आणि कॅमेऱ्याचं घड्याळ जुळत नसतं, किंवा एखादा मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच बदलत असतो. सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि मोबाइलवर स्थिर फ्रेमदर देणारं ॲप वापरा.

नवरात्रासाठी एक खास सूचना. गरब्याच्या मैदानात ढोल इतका मोठा असतो की साउंडवाला त्याला मिक्सरमधून फारसा चढवतच नाही. त्याचा ऑक्स जसाच्या तसा घेतला तर मोबाइलवर फक्त गायक ऐकू येतो आणि ढोल गायब! मैदानाच्या कडेला दोन माइक लावून ते थोडे मिसळा. वायरलेस माइकपैकी २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे तिथे टाळा. हजारो मोबाइलच्या वायफाय-ब्लूटूथमध्ये त्यांचा आवाज तुटतो.

प्रश्न : स्पीड टेस्ट ३० दाखवते, तरी प्रक्षेपण अडकतं.
– बी.ई.चा विद्यार्थी, फतेहगंज

तो आकडा बहुधा डाउनलोडचा आहे. तुम्हाला हवा अपलोड, तोही कार्यक्रमाच्या वेळी, त्याच खोलीत मोजलेला. १०८० रेषांच्या चित्राला ४.५ मेगाबिट पुरतात. अपलोड त्याच्या दुप्पट, म्हणजे ९-१० स्थिर हवं. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट स्थिर, कीफ्रेम (पूर्ण पाठवलेलं चित्र) दर दोन सेकंदांनी. तीन तासांना साधारण सहा जीबी लागतात. वायफाय नको, लॅनची वायर घ्या.

दोन गोष्टी कॉलेजातच दगा देतात. विद्यापीठाच्या फायरवॉलमध्ये आरटीएमपीचं (थेट प्रक्षेपण पाठवण्याची पद्धत) १९३५ हे पोर्ट अनेकदा बंद असतं. तेव्हा ४४३ पोर्टवरून जाणारं आरटीएमपीएस निवडा. आणि जे नेटवर्क ब्राउझरमध्ये लॉगिन मागतं, ते ठरावीक तासांनी पुन्हा मागतं, अगदी बक्षीस समारंभातसुद्धा. आयटीवाल्यांकडून त्या लॅपटॉपला आधीच सूट घ्या. गर्दीत मोबाइल हॉटस्पॉटवर विसंबू नका. सगळं मैदान त्याच टॉवरवर असतं. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायचं तर मंजुरीला २४ तासांपर्यंत लागतात, तेव्हा आदल्या दिवशी खातं उघडू नका. सिनेमाची गाणी वाजली तर कॉपीराइटमुळे प्रक्षेपण मध्येच थांबू शकतं. आतल्या कार्यक्रमासाठी शिक्षणसंस्थेला असलेली सवलत इंटरनेटवर दाखवायला पुरतेच असं समजू नका. आणि काहीही झालं तरी कार्डावर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

प्रश्न : पडद्यावरच्या नावांत जोडाक्षरं फुटतात. मराठी, गुजराती दोन्ही हवं आहे.
– ललित कलेची विद्यार्थिनी, रावपुरा

ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्राधान्यक्रमांत जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडा, मग सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा; नव्वद टक्के फुटणं तिथेच थांबतं. कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी दिली तर युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार, 'ऱ्या' आणि 'ळ' डोळ्यांनी तपासा. 'गोऱ्हे' आणि 'कुऱ्हाडे' हे लोक आपलं आडनाव चुकलं तर फोन करतात, आणि योग्यच करतात. मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत आहेत, आणि त्यांची गुजराती भावंडं मुक्ता वाणी आणि बलू भाई या नावांनी मिळतात, म्हणजे दोन्ही लिप्या एका घरच्या दिसतात. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने शेजारी-शेजारी ठेवताना ओळ डोळ्यांनी जुळवा. कडेपासून ९६ पिक्सेल डावी-उजवीकडे, ५४ वर-खाली मोकळे सोडा.

प्रश्न : दरवर्षी मुलं पास होऊन जातात आणि केंद्र शून्यावर येतं. काय करावं?
– विभागप्रमुख

सर्वांत महागात पडतो तो पासवर्ड. चॅनेलचं खातं एखाद्या सीनियरच्या खासगी ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो आता नोकरीला पुण्यात. खातं विभागाच्या ईमेलवर ठेवा आणि दुसरा व्यवस्थापक शिक्षकच असू द्या.

पहिल्या वर्षाला केबल आणि हेडफोन, दुसऱ्या वर्षाला कॅमेरा, तिसऱ्याला स्विचर अशी चढण ठेवली तर जानेवारीपासून प्रत्येक जागेवर एक जुना आणि एक नवा माणूस बसवता येतो. मार्चमध्ये परीक्षा आल्या की कुणाला वेळ नसतो, म्हणून हे आधीच. सामानाच्या वहीत काय गेलं यापेक्षा काय बिघडलं हे लिहा: 'केबल ४, एका बाजूला आवाज येत नाही', आणि त्या केबलला लगेच लाल टेप. ५० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला साडेबावीस जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांचे तीन तास म्हणजे १३५. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि हे काम एकाच माणसाच्या नावावर असावं.

प्रश्न : चित्रात आडवे काळे पट्टे सरकतात. कॅमेरा बिघडला का?
– आर्ट्सचा विद्यार्थी, वारसिया

कॅमेरा ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि तुमचा शटर बहुधा १/६० वर आहे. १/५० किंवा १/१०० करा. त्यानंतरही मागच्या एलईडी पडद्यावर पट्टे दिसत राहिले तर शटर अगदी बारीक पायरीने बदलत पाहा; तेवढ्यानं भागलं नाही तर पडदा फोकसबाहेर ठेवा.