40 मीटरला नार्कोसिस टाळायला नायट्रॉक्स घेऊ का?

तुमचा प्रश्न असा की स्कूबाचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, आता अंदमानला डीप स्पेशल्टी (खोल डाइव्हचा कोर्स) करायचीय आणि 40 मीटरला डोकं जड होऊ नये, म्हणजे नार्कोसिस, खोलवर नायट्रोजनमुळे चढणारी नशा, होऊ नये म्हणून साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, घेऊ का. त्यासाठी तरी अजिबात घेऊ नका. मुंबईतल्या आमच्या डायव्हिंगवाल्यांमध्ये हा गैरसमज मला सारखा ऐकू येतो आणि दरवेळी धस्स होतं, कारण कोणी 32 टक्के ऑक्सिजनची टाकी पाठीवर घेऊन 40 मीटर गाठले तर नशेपेक्षा मोठं संकट ओढवून घेईल.

हिशेब सोपा आहे. वरती पृष्ठभागावर दाब 1 बार, मग दर 10 मीटरला अजून 1, म्हणजे 40 ला 5 बार, त्याला 32 टक्क्यांनी गुणलं की ऑक्सिजनचं प्रेशर येतं 1.6. शिकवतात ते 1.4 च्या आत राहा असं, 1.6 ही अगदी शेवटची हद्द, त्यापुढे ऑक्सिजनच विषासारखा वागतो आणि थेट फिट येऊ शकते, तीही कित्येकदा काही पूर्वसूचना न देता. पाण्याखाली फिट आली की तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून 32 ची मर्यादा साधारण 33 मीटर आणि 36 ची 28-29. 40 मीटरला 1.4 मध्ये बसायचं तर 28 टक्क्यांच्या वर जाताच येत नाही, त्यात नायट्रोजन हवेपेक्षा जेमतेम कमी, शिवाय ऑक्सिजनही नशा आणतो असं धरूनच बरेच टेक्निकल डायव्हर (नेहमीच्या मर्यादेपलीकडे खोल जाणारे) प्लॅनिंग करतात, त्यामुळे नशेच्या बाबतीत फरक शून्य समजा. नायट्रॉक्सचा फायदा वेळेचा आहे, 18 ते 30 मीटरच्या पट्ट्यात डिकोशिवाय (वर येताना सक्तीने थांबे न घेता) जास्त वेळ खाली राहता येतं, तिथे जरूर घ्या.

नशा खरंच कमी करणारा गॅस म्हणजे हेलियम. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम मिळून ट्रायमिक्स होतो, उदाहरणार्थ 18 टक्के ऑक्सिजन आणि 45 टक्के हेलियम असलं तर 60 मीटरला नशा, ऑक्सिजनचीही धरून, साधारण 28-29 मीटरला हवेवर असते तेवढीच. हेलियम हलका असल्यामुळे खोलवर श्वास घेणंही सोपं जातं, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण दाट हवा ओढताना कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच नशा आणखी वाढवतो. पण हेलियम आपल्याकडे बहुतेक आयातच होतो, महाग पडतो, आणि ट्रायमिक्ससाठी वेगळं टेक्निकल ट्रेनिंग लागतं, तुमच्या कोर्समध्ये तो येणारच नाही.

म्हणजे तुम्ही 40 ला जाल ते हवेवर किंवा 28 टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर, आणि नशा थोडीफार होणारच असं धरून जा. सगळ्यात वाईट म्हणजे ती ज्याला होते त्याला कळत नाही. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर आमच्या डीप डाइव्हला एकजण प्रेशर गेज डोळ्यांसमोर धरून बघत राहिला, बघून झालं की परत बघायचा, इन्स्ट्रक्टरने खुणेने टाकीत किती बार उरलेत असं विचारलं तर बोटांनी भलताच आकडा दाखवला. इन्स्ट्रक्टरने हाताला धरून सात-आठ मीटर वर आणलं आणि लगेच त्याने बरोबर आकडा दाखवला. बोटीवर आल्यावर तो ठामपणे म्हणत होता की मला काहीच झालं नव्हतं. तेव्हा बडीशी (डाइव्हच्या जोडीदाराशी) आधीच ठरवा, दोघांपैकी कोणीही वर चला म्हणून अंगठा दाखवला तर वाद न घालता वर यायचं. हळू उतरा, खाली फिन जोरात मारू नका, आदल्या रात्री दारू नको आणि झोप पुरेशी.

अजून एक, नायट्रॉक्सची टाकी कधी घेतलीत तर ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजणारं यंत्र) स्वतः लावून बघा. आधी साध्या हवेवर 20.9 ला सेट करायचा, मग टाकीवर धरून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि टेपवर टक्के, जास्तीत जास्त खोली, तारीख आणि स्वतःचं नाव लिहून टाकीला चिकटवायचं. शॉपवाला म्हणाला 28 आहे, बोट सुटतेय, चला लवकर, तरी बघितल्याशिवाय टाकी चढवू नका. आणि पोर्ट ब्लेअरहून मुंबईचं फ्लाइट शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी, जमलं तर 24 तासांनी ठेवा, नायट्रॉक्स घेतला म्हणून त्यात सूट नाही.