युगांडातील शाळांना मदत: तत्त्व आणि व्यवहार

सप्रेम नमस्कार. सोलापुरातील आपल्या मानवतावादी, म्हणजे धर्माज्ञेऐवजी विवेक आणि माणुसकी प्रमाण मानणाऱ्या, गटाने युगांडातील मानवतावादी शाळांना दरवर्षी थोडी रक्कम पाठवावी का, असे आपण विचारले आहे, आणि बैठकीत त्यावर दोन आक्षेप आल्याचेही लिहिले आहे. विडी वळणाऱ्या बायकांची मुले इथे वह्यापुस्तकांना महाग असताना आफ्रिकेत पैसे कशाला, हा पहिला. आणि शाळा काढून विचार पसरवण्याबद्दल आपण मिशनऱ्यांना नावे ठेवतो, मग आपण वेगळे ते काय करणार, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

परदेशी देणगीवर चालणारी शाळा आपल्याला नवी नाही. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. खुद्द सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने शाळा चालवल्या. या शाळांमागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे उघड आहे, आणि तिथे मिळालेले शिक्षण खरे होते हेही तितकेच उघड आहे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी ते शिक्षण घेतले, स्वतःचा विचार घडवला आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. म्हणून आक्षेप घ्यायचा तर तो परदेशी पैशाला नव्हे, पैशामागून येणाऱ्या अटीला घ्यावा, असे माझे मत आहे. जगभरच्या मानवतावाद्यांची तत्त्वे मांडणाऱ्या 1952 च्या ॲमस्टरडॅम जाहीरनाम्याची सुधारित आवृत्ती 2022 मध्ये स्वीकारली गेली. आपली मते सर्व मानवजातीवर लादण्याचा आमचा प्रयत्न नाही आणि त्यांची चिकित्सा आम्ही टाळतही नाही, अशी ग्वाही त्यात दिलेली आहे. ही ग्वाही मनापासून मानणाऱ्याला, मुलाच्या घरी कोणाची प्रार्थना होते हे विचारून फी भरता येणार नाही.

युगांडात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. तिथले आधुनिक शिक्षण मिशनऱ्यांनी उभे केले आणि आजही कितीतरी शाळांच्या पाठीशी संस्थापक म्हणून एखादे चर्च किंवा मुस्लिम संस्था असते. अशा परिस्थितीत काही युगांडन शिक्षकांनी स्वतःहून वेगळ्या शाळा काढल्या. मसाका भागातील आयझॅक न्यूटन, कामुली जिल्ह्यातील मस्टर्ड सीड आणि पश्चिमेकडील कासेसे येथील शाळा ही त्यांची उदाहरणे आहेत. पहिल्या दोन शाळांना मदत करण्यासाठी 2008 मध्ये ब्रिटनमध्ये एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. कॅथलिक, प्रोटेस्टंट, मुसलमान, सर्वांची मुले तिथे एका वर्गात बसतात. ही कल्पना इंग्लंडमधून तिकडे गेलेली नाही. शाळा तिथल्या माणसांच्या आहेत आणि बाहेरच्यांनी त्यांच्या मागे उभे राहायचे आहे, हा मुद्दा आपल्या बैठकीत आवर्जून मांडावा.

आता पहिला आक्षेप. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत डॉक्टर मुबलक होते असे मुळीच नाही. त्यांच्या जाण्याला आज सोलापूरचा एकही माणूस चूक म्हणणार नाही. तरीही स्थानिक गरज बाजूला सारावी असे मी म्हणत नाही. इथल्या मुलांच्या वह्या-गणवेशांसाठी ठेवलेल्या निधीला हात लावू नये आणि युगांडासाठी ज्यांची इच्छा असेल त्यांनीच वेगळे पैसे द्यावेत, एवढी शिस्त पाळली तर वादाचे कारण उरत नाही.

मदत कशासाठी द्यायची, यावर मात्र जास्त विचार करावा. देणगीदाराला इमारत आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते. शाळेची खरी ओढाताण होते ती शिक्षकांच्या पगारासाठी. तिथे वर्षाची तीन सत्रे असतात, फी सत्रागणिक भरावी लागते, आणि फी थकलेल्या मुलाला सत्राच्या मध्यावर घरी पाठवणे हा अनेक शाळांतला नित्याचा प्रकार आहे. घरी गेलेले मूल, विशेषतः मुलगी, परत येईलच असे नसते. पीक विकले गेले तर फी येते; ती आली नाही की पगार थांबतो, आणि चांगला शिक्षक दुसरीकडे निघून जातो. वसतिगृहातल्या मुलांचे रोजचे जेवण म्हणजे पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि सोबत घेवड्याची उसळ. मक्याचा भाव चढला की शाळेचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यात कोविडच्या महासाथीमुळे तिथल्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि पूर्णपणे उघडल्या त्या 10 जानेवारी 2022 रोजी. जगात इतका दीर्घ काळ शाळा कुठेच बंद नव्हत्या. अशा काळात शिक्षक टिकवून धरणारा पैसा इमारतीच्या पैशाहून मोलाचा असतो. म्हणून आपली रक्कम अमुक खोलीसाठी किंवा तमुक प्रयोगशाळेसाठी बांधून ठेवू नये. शिष्यवृत्ती किंवा सर्वसाधारण खर्चासाठी द्यावी आणि विनियोग शाळेवर सोपवावा. मुलांची छायाचित्रे आणि आभारपत्रे मागवू नयेत, असेही मी आग्रहाने सांगेन; गरीब मुलाला देणगीदारापुढे उभे करणे आपल्या मूल्यांत बसत नाही.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. परदेशी देणगी नियमन कायदा भारतात येणाऱ्या पैशाला लागू होतो. बाहेर पाठवण्यासाठी तो आड येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी व्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, परंतु ही मुभा व्यक्तींना आहे, संस्थांना नाही. त्यामुळे गटाच्या खात्यातून न पाठवता सभासदांनी आपापल्या नावाने, पॅन क्रमांक आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 अर्ज देऊन बँकेमार्फत पाठवावे. अशा देणगीवर इथे आयकर सवलत मिळत नाही. प्रत्येक व्यवहारावर बँकेचे शुल्क लागते, म्हणून दरमहा थोडे थोडे पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने वर्षातून एकदाच पाठवणे बरे. आपल्यापैकी कोणाची मुले ब्रिटनमध्ये नोकरी करून तिथे कर भरत असतील, तर त्यांनी तिथूनच स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे. गिफ्ट एड योजनेमुळे प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स अधिक मिळतात.

पैसे पाठवण्याआधी, धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत वर सांगितलेल्या विश्वस्त संस्थेचे वार्षिक हिशेब पाहावेत. ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. प्रत्यक्ष शाळांपर्यंत किती पोचते आणि संस्थेच्या स्वतःच्या कारभारावर किती खर्च होतो, हे दोन आकडे बैठकीत वाचून दाखवावेत आणि मगच निर्णय घ्यावा.