रोजगार हमीचं काम गावातच मिळालं तर बीडचे लोक ऊसतोडीला जायचे थांबतील का?

काही थांबतील, बरेचसे नाही. गावात तेवढाच रोज पडला तर माणूस घर कशाला सोडेल, असं तुमच्या प्रश्नामागे आहे. अर्थशास्त्रातही बराच काळ हिशोब मजुरीचाच होता. हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये त्यात काम मिळण्याची शक्यता तेवढी जोडली.

मी धारूर तालुक्यातला. आई-वडील बारा हंगाम कोयता होते (नवरा-बायको मिळून एक कोयता, मोजणीच तशी). आमच्याकडे माणूस जातो तो उचलीसाठी, म्हणजे आगाऊ मिळणाऱ्या रकमेसाठी. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा वडील बँकेत नाही, मुकादमाच्या (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या) ओट्यावर गेले. पैसे श्रावणात एकरकमी, ऊस तोडायचा दिवाळीनंतर. रोजगार हमीचा पगार थोडा थोडा, तोही रखडत येतो; त्यात ना मांडव पडतो ना बोअर. स्टार्क आणि ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं ते हेच: जिथे कर्ज आणि विमा मिळत नाही, तिथे घरातलं माणूस बाहेर पाठवूनच घर ती सोय करतं.

जाणं वाईटच, असंही नाही. बांगलादेशात रंगपूरला २००८ मध्ये संशोधकांनी उपासमारीच्या महिन्यांत बसभाड्यापुरते साडेआठ डॉलर दिले. जाणारी घरं ३६ टक्क्यांवरून सुमारे ५८ टक्क्यांवर गेली, मागे राहिलेल्यांचं खाणंपिणं सुधारलं. (पुढे कार्यक्रम मोठा केला तेव्हा मात्र तो परिणाम दिसला नाही.) आमच्याकडे भाड्याची अडचणच नाही, ट्रक दारात येतो. पण रंगपूरचा मजूर पटलं नाही तर परत फिरू शकत होता. आमचा मजूर उचल फिटेपर्यंत फडातून (तोड चालू असलेल्या उसातून) हलत नाही.

एका हंगामात आई नऊ दिवस कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) तापाने पडून होती. नऊ खाडे, म्हणजे दंड लागणाऱ्या गैरहजेऱ्या, मुकादमाच्या वहीत चढले. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून मीठ-मिरची भागली, पण पट्टा पडला (हंगाम संपला) तेव्हा उचलीची बाकी अंगावर, म्हणजे पुढचं सालही बांधलेलं. बायका पाळीतसुद्धा फड सोडत नाहीत ते या खाड्याच्या धास्तीने. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्या प्रकरणातही हा धागा होता.

आमचा कोयता सुटला तो गावात काम मिळालं म्हणून नाही. मामाने बैलजोडी विकून बाकी एकदाच भरली. वडिलांनी रोजगार हमीच्या कामावर नाव घातलं ते त्यानंतर.