कृषी सल्ला : अश्वगंधाच्या मूळ-कल्चरमध्ये विथानोलाइड वाढवताना

प्रश्न (वाळवा तालुक्यातील युवक गट) : केळीच्या टिश्यूकल्चर लॅबमध्ये अश्वगंधाची मुळे द्रव माध्यमात वाढवतो. विथानोलाइड (अश्वगंधातला औषधी घटक) वाढावे म्हणून पुरवठादाराच्या सांगण्यावरून पहिल्याच दिवशी लिटरला १०० मिलिग्रॅम मिथाइल जॅस्मोनेट टाकले. आठवड्यात मुळे तपकिरी पडली, वाढ थांबली. डोस वाढवावा का?

उत्तर : अजिबात नाही. डोस आधीच साडेचार पट झाला आहे. प्रयोगांत लिहितात ते १०० मायक्रोमोलर (रेणूंच्या संख्येवरचे मोजमाप), म्हणजे इथे लिटरला सुमारे २२ मिलिग्रॅम. तुमच्या पुरवठादाराने मायक्रोमोलरचे मिलिग्रॅम केले. बाटली विकणाऱ्याकडून मात्रा विचारू नका.

दुसरी चूक वेळेची. जॅस्मोनेट हे खत नव्हे, ताणाचा इशारा आहे. तो मिळाला की मूळ वाढ सोडून बचावाची रसायने बनवते. पहिल्या दिवशी इशारा दिला तर रसायने बनवायला मूळच उरत नाही. आधी वाढ, मग ताण. दर चार दिवसांनी एक फ्लास्क काढून मुळांचे कोरडे वजन घ्या. वजनाची चढण मंदावू लागली की तोच टाकण्याचा दिवस. त्याआधी टाकू नका, दुकानदार काहीही म्हणो.

द्रावण असे करा : २२४ मिलिग्रॅम मिथाइल जॅस्मोनेट अल्कोहोलमध्ये विरघळवून १० मिली करा. पाण्यात ते नीट विरघळत नाही. अल्कोहोलला टिकणाऱ्या ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका, उडून जाते. १०० मिली माध्यमाला ०.०५ मिली म्हणजे ५० मायक्रोमोलर, ०.१ मिली म्हणजे १००. सुरुवात ५० नेच करा. नुसते अल्कोहोल तेवढेच टाकलेले फ्लास्कही ठेवा, पण वेगळ्या खोलीत. जॅस्मोनेटची वाफ शेजारच्या फ्लास्कलाही इशारा देते आणि तुलना फसते. जॅस्मोनेट टाकल्यापासून तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी काढणी करून बघा.

नुसत्या टक्केवारीवर भुलू नका. समजा, साध्या फ्लास्कमध्ये लिटरला १० ग्रॅम कोरडी मुळे आणि ग्रॅमला २ मिलिग्रॅम घटक, म्हणजे २० मिलिग्रॅम. जास्त डोसने घटक दुप्पट झाला, पण मुळे ४ ग्रॅमच भरली, तर हाती १६. दुकानदार तुम्हाला फक्त 'दुप्पट' दाखवतो. हिशेब लिटरचा करा आणि घटक एचपीएलसीनेच (प्रयोगशाळेत घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजून घ्या; माध्यमाच्या रंगावरून काही कळत नाही.

सुट्या पेशींच्या कल्चरकडे वळू नका, मुळांचेच धरा. विथानोलाइड सुट्या पेशींपेक्षा मुळांत भरवशाने बनते. अर्ध्या ताकदीचे एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक माध्यम, लिटरला आयबीए (मुळे फुटवणारे संप्रेरक) ०.५ मिलिग्रॅम, सामू ५.८, अंधार, २५ अंश. शेकरला (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्राला) इन्व्हर्टर हवाच. लाइट गेली की मुळे तळाशी बसतात, त्यांना प्राणवायू कमी पडतो आणि ती काळवंडतात. तो दोष मग जॅस्मोनेटच्या माथी मारला जातो.

तपकिरी पडलेले फ्लास्क टाकून द्या, त्यातून पुढची लागण करू नका. अनुदान : टिश्यूकल्चर लॅबसाठी फलोत्पादन अभियानात सहाय्य आहे, कर्जाशी जोडलेले. पूर्वसंमती हाती येईपर्यंत यंत्र घेऊ नका. सध्याचे निकष तालुका कृषी कार्यालयात विचारा.