'अहवाल स्वीकार सभा' म्हणजे कसली सभा?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पंचायतीच्या फलकावर मराठीत नोटीस लागली आहे, 'सार्वजनिक अहवाल स्वीकार सभा'. अहवाल द्यायचा तो अधिकाऱ्यांनी, मग आम्ही कुठला अहवाल घेऊन जायचा? शिवाय सरकारी कागदांत ज्याला 'पब्लिक कन्सल्टेशन' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? जनसुनावणी, लोकसंवाद की सल्लामसलत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नोटीस कन्नडमधून आली आणि शब्द तसाच उचलला गेला. कन्नडमध्ये 'अहवालु' म्हणजे गाऱ्हाणे. मूळ शब्द अरबी, 'हाल'चे अनेकवचन. आपण 'हालहवाल' म्हणतो त्यातलाच. मराठीत तो परिस्थितीवरून परिस्थितीच्या वर्णनाकडे आणि तिथून सरकारी रिपोर्टाकडे सरकला. कन्नडमध्ये मात्र आपले हाल सांगणाऱ्याच्या तोंडीच राहिला. तेव्हा 'अहवालु स्वीकार' म्हणजे गाऱ्हाणी ऐकून अर्ज घेणे. शोभेल असे मराठी करायचे तर 'तक्रार निवारण सभा' किंवा नुसते 'लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याची सभा'. त्याच नोटिशीतले 'सार्वजनिक'ही कन्नड चालीचे आहे. कन्नडमध्ये 'सार्वजनिकरु' म्हणजे लोक, जनता. आपल्याकडे ते नुसते विशेषण, म्हणून 'सार्वजनिकांनी उपस्थित राहावे' हे वाक्य बेळगावबाहेरच्या मराठी माणसाला विचित्र वाटते. इथे ते इतके रुळले आहे की मी त्याच्याशी भांडत नाही.

भांडावे लागते ते ज्या शब्दांमुळे कागदावरचा अर्थ फिरतो त्यांच्याशी. 'तक्रार' आणि 'तकरारु' घ्या. मराठीत नळाला पाणी येत नाही ही तक्रार. कन्नडच्या महसुली भाषेत 'तकरारु' म्हणजे वाद, आक्षेप. जमिनीच्या नोंदीला कुणी हरकत घेतली की तो 'तकरारु'. 'सूचना' त्याहून घोटाळ्याची. आपण 'हरकती व सूचना' म्हणतो तेव्हा सूचना म्हणजे सुचवलेली गोष्ट. कन्नड 'सूचने' हा बहुधा वरून आलेला आदेश. सुचवण्याला तिकडे 'सलहे' म्हणतात. त्यामुळे मराठी अर्जाचे कन्नड करताना 'गावकऱ्यांची सूचना' जशीच्या तशी ठेवली, तर गावकरी अधिकाऱ्याला हुकूम सोडताहेत असा सूर येतो.

आता दुसरा प्रश्न. एकच मराठी शब्द शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या एका इंग्रजी नावाखाली तीन-चार निराळ्या गोष्टी येतात. प्रत्येकीचा कायदा वेगळा, मुदत वेगळी, न्यायचा कागद वेगळा. नाव असे हवे की ते वाचून माणसाला काय घेऊन जायचे ते कळावे.

'हरकत' हा त्यातला सगळ्यात धारदार शब्द. महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-ए खाली अधिसूचना निघते आणि ३-सी खाली २१ दिवसांत लेखी हरकत नोंदवावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हीच मुदत ६० दिवसांची आहे. बेळगावच्या 'बुडा'सारखे नगरविकास प्राधिकरण शहराचा बृहत् आराखडा प्रसिद्ध करते तेव्हा १९६१ च्या कर्नाटक नगररचना कायद्यानुसार लोकांना ६० दिवस मिळतात. हलगा-मच्छे बायपास आणि रिंग रोडमुळे हे आकडे बेळगाव भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आता पाठ आहेत. तरी २१ दिवसांत एक मेख आहे. ते राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून धरावेत, कारण पेपरात जाहिरात दिसेपर्यंत त्यातले काही दिवस सरलेले असतात.

इथे नेहमी एक गोष्ट बिनसते. लोक हरकतीऐवजी 'निवेदन' देतात. पन्नास सह्या, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पायरीवर फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. निवेदन ही विनंती (कन्नडमध्ये 'मनवी'), तिला कायद्यात मुदत नाही आणि वजनही नाही. हरकतीत अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, एकर-गुंठ्यांत क्षेत्र, हरकतीचे कारण आणि खातेदाराची सही लागते. सोबत उतारा जोडावा. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा विशेष भूसंपादन अधिकाऱ्याकडे द्यायची (इथल्या पाटीवर 'भूस्वाधीनाधिकारी' असते, घाबरू नये). दोन प्रती कराव्यात आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. प्रत्येक खातेदाराने आपली वेगळी द्यावी, कारण सामाईक कागदाला उत्तरही सामाईक मिळते. समक्ष किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडायची संधी दोन्ही भूसंपादन कायद्यांत आहे, पण ती हरकत घेणाऱ्याला, निवेदनावर सही करणाऱ्याला नव्हे.

'जनसुनावणी' हा शब्द पर्यावरण मंजुरीच्या सभेसाठी राखून ठेवावा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत तिची रीत बारकाईने दिली आहे. सभा प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यायची, निदान ३० दिवस आधी नोटीस द्यायची, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी हवा, चित्रीकरण सक्तीचे. जिथे पेपर पोचत नाही तिथे ढोल वाजवून कळवावे, असेही त्यात आहे. दवंडीला कन्नडमध्ये 'डंगुर' म्हणतात; आपल्या 'डांगोरा पिटणे'ला आता बढाईचा वास लागला, तिकडे तो साधा राहिला. या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून ऐन सुगीत तारीख धरली आणि चारच माणसे आली, तरी सभा झाली असेच धरले जाते. तारीख गैरसोयीची असेल तर ती बदलून मागायचा अर्ज त्या ३० दिवसांतच द्यावा. सभेला जाता येत नसेल तर लेखी म्हणणे पाठवता येते, तोही याच प्रक्रियेचा भाग आहे.

कन्नड फलकावर हिला 'सार्वजनिक आलिके' म्हणतात. आलिके म्हणजे ऐकणे. आपल्या 'सुनावणी'त ऐकवणे आहे, आणि 'चांगलेच सुनावले' हा त्याचा दुसरा अर्थही सभेत अधूनमधून खरा होतो.

खरी मेख इतिवृत्तात, म्हणजे कन्नड 'नडावळी'त असते. समजा, एक शेतकरी उठून म्हणतो, 'रस्त्याला आमची हरकत नाही हो, पण आमच्या विहिरीचं काय करतासा?' मराठी कानाला हे उघड आहे. 'हरकत नाही' ही बोलायची सभ्य सुरुवात, मुद्दा विहिरीचा. नोंद घेणारा कन्नडमध्ये लिहितो, 'आक्षेपणे इल्ल', आणि विहीर राहून जाते. 'चालतंय की', 'बघूया', 'तुम्ही म्हणाल तसं' यांचेही असेच होते. म्हणून सुनावणीत पहिले वाक्य 'माझी हरकत आहे' हेच असावे, विहीर, पाट, वाट ही कारणे त्यानंतर, आणि तेच लिहून हाती द्यावे. अधिसूचनेप्रमाणे सभेच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. तोवर उठून जाऊ नये. 'मराठीत वाचून दाखवा' ही मागणी तेव्हाच करायची. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त होते, घरी गेल्यावर होत नाही.

'संमती' आणखी वेगळी. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के संमती आधी लागते. अभयारण्यातून वस्ती हलवायची तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेची लेखी संमती हवी. भीमगड अभयारण्याच्या रानातल्या वाड्यांच्या बाबतीत हा शब्द जपून वापरावा. सही केली की संमती धरली जाईल, या भीतीपोटी लोक हजेरीच्या कागदावरही सही करत नाहीत. भीती खोटी नाही, पण सही टाळली तर तुम्ही आला होता याचा पुरावाच उरत नाही. कागदाच्या माथ्यावर 'फक्त हजेरी, संमती नव्हे' असे लिहून घ्यावे, शेवटच्या सहीखालची कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करावी आणि मोबाइलवर फोटो काढावा.

उरले 'लोकसंवाद' आणि 'सल्लामसलत'. निर्णय व्हायचा असेल, आराखड्याचे दोन-तीन पर्याय टेबलावर असतील, तर सल्लामसलत म्हणावे. रेघ आधीच मारून झाली असेल तर तो शब्द फसवा आहे. 'लोकसंवाद' निमंत्रणपत्रिकेत छान दिसतो, पण त्यात काय मागितले आहे ते कुणालाच कळत नाही. सगळ्यांना मिळून एखादे नाव लागणारच असेल तर 'म्हणणे' घ्यावे. मराठी कोर्टातला हा जुना, कामाचा शब्द आहे, 'म्हणणे दाखल करणे'. 'लोकांचे म्हणणे घेण्याची सभा' हे खानापुरातल्या आजीलाही कळते आणि तहसीलदारालाही.

भाषेचा उपप्रश्नही याच पत्रात आहे, अर्ज मराठीत चालतो का? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठी 'अहवालु' नाकारता येत नाही. उत्तर मराठीत मिळेल असे मात्र त्या अनुच्छेदात नाही. म्हणून व्यवहाराचे सांगायचे तर मूळ मराठी अर्जाला चार ओळींचा कन्नड सारांश जोडावा, त्यात 'हरकत'साठी 'आक्षेपणे' आणि 'सूचना'साठी 'सलहे' लिहावे, आणि 'दोन्हींत फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा' ही ओळ दोन्ही भाषांत टाकावी.