डिस्टिलरीतील कार्बन डायऑक्साइडचा मोलर प्रवाह : किलोमोल प्रति तासाचे मोल प्रति सेकंद करताना उत्तर ७७ का आले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : साताऱ्याजवळील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आपण प्रशिक्षणार्थी आहात, तेथे मळीपासून रोज ३०,००० लिटर शुद्ध अल्कोहोल निघते, आणि फर्मेंटरमधून (मळी आंबवण्याच्या टाकीतून) सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह मोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) प्रति सेकंदात काढताना आपले उत्तर ७७ आले, तर सहकाऱ्याचे ५.९. सहकाऱ्याचे उत्तर बरोबर आहे. मात्र आपली रीतही शेवटच्या पायरीपर्यंत बरोबरच असली पाहिजे, हे त्या ७७ वरूनच दिसते.

निर्जल इथेनॉलची, म्हणजे शुद्ध अल्कोहोलची, घनता २० अंश सेल्सिअसला लिटरमागे ०.७८९ किलोग्रॅम असते, म्हणून ३०,००० लिटरांचे वस्तुमान २३,६७० किलोग्रॅम होते. त्याला ४६.०७ या मोलर वस्तुमानाने (एका किलोमोलाच्या किलोग्रॅममधील वस्तुमानाने) भागले की दिवसाला ५१३.८ किलोमोल आणि चोवीसने भागले की तासाला २१.४१ किलोमोल मिळतात. ग्लुकोजच्या एका मोलापासून दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड तयार होत असल्यामुळे वायूचा मोलर प्रवाहही तितकाच, तासाला २१.४१ किलोमोल. वस्तुमानाच्या भाषेत हीच बरोबरी दिसत नाही, कारण तेथे अल्कोहोल तासाला ९८६ किलोग्रॅम आणि वायू ९४२ किलोग्रॅम असे वेगवेगळे आकडे येतात. मोलमध्ये हिशेब ठेवण्याची सोय ती हीच.

आता किलोमोलचे मोल करताना १००० ने गुणायचे आणि तासाचे सेकंद करताना ३६०० ने भागायचे, म्हणजे एकूण ३.६ ने भागायचे : २१.४१ भागिले ३.६ म्हणजे ५.९५. आपण ३.६ ने गुणले, म्हणून ७७ आले. कोणत्या बाजूला गुणायचे हे पाठ करू नका. एका सेकंदात एका तासापेक्षा कमीच वायू बाहेर पडणार, आणि हजारपट लहान एककात तोच आकडा मोठा दिसणार. यांपैकी ३६०० चा परिणाम हजाराहून मोठा असल्याने अंतिम आकडा लहानच झाला पाहिजे, एवढे मनाशी ठेवले तरी पुरते.

जुन्या अमेरिकी पुस्तिकांमध्ये पौंड-मोल प्रति तास हे एकक आढळते. एक पौंड-मोल म्हणजे ४५३.५९ मोल, म्हणून तासाला एक पौंड-मोल म्हणजे सेकंदाला ०.१२६ मोल. त्यात याहून अधिक काही नाही.

खरी अडचण घनमीटरांपाशी सुरू होते. वरील सर्व रूपांतरांत केवळ संख्यांचा गुणाकार-भागाकार होता. परंतु घनमीटर प्रति तास यावरून मोल काढायचे, तर ते घनमीटर कोणत्या तापमानाचे आणि कोणत्या दाबाचे, हे ठरल्याशिवाय उत्तरच निघत नाही. शून्य अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल या स्थितीला एका मोलाचे आकारमान २२.४१४ लिटर असते, म्हणून आपला वायू तासाला ४८० नॉर्मल घनमीटर, म्हणजे या स्थितीला मोजलेले घनमीटर. १९८२ पासून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब १०० किलोपास्कल धरला आहे. तेथे हाच आकडा २२.७११ लिटर होतो. १५ अंश प्रमाण धरणारी उपकरणेही असतात आणि त्यांच्यासाठी, १०१.३२५ किलोपास्कलला, २३.६४५ घ्यावे लागतात.

सांगलीकडील एका डिस्टिलरीत मी बरीच वर्षे शिफ्ट सांभाळली, आणि सुरुवातीच्या काळात मीच तापमान-दाबाची दुरुस्ती नसलेल्या मीटरचे वाचन सरळ २२.४१४ ने भागून लॉगशीटमध्ये भरले होते. तीच चूक आपल्या आकड्यांवर करून पाहा. सांगलीच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो, आणि वायू ३० अंशांचा असेल, तर आपल्या २१.४१ किलोमोलांना प्रत्यक्षात सुमारे ५६८ घनमीटर जागा लागते. त्यांना २२.४१४ ने भागले की २५.३ किलोमोल दिसतात, आणि कागदावर दिवसाला साडेपस्तीस हजार लिटर अल्कोहोल तयार होते. टाकीत मात्र तीसच हजार. मधले साडेपाच हजार लिटर कोठे गेले, असे वरिष्ठांनी विचारले की उत्तर देणे फार अवघड जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

त्यातच फर्मेंटरचा वायू कोरडा नसतो. ३० अंशांला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ४.२ किलोपास्कल असल्याने मीटरमधून जाणाऱ्या दर शंभर मोलांतील चार-साडेचार मोल पाण्याच्या वाफेचेच असतात, आणि ते वजा केल्याशिवाय कार्बन डायऑक्साइडचा आकडा अल्कोहोलच्या आकड्याशी जुळत नाही. म्हणून मीटरच्या पाटीवर नॉर्मल लिहिले आहे की नाही, असल्यास शून्य अंशांचे की पंधरा अंशांचे, आणि मीटर वायूतील पाणी काढण्याच्या आधी बसवला आहे की नंतर, या तीन गोष्टी प्रथम पाहून घ्याव्यात; ३.६ ने भागण्याची पायरी त्यानंतरची.