फोर्ट कोची : पायी, आणि कोणत्या वारी?

आम्ही दोघं साठी ओलांडलेले आहोत. एर्नाकुलमला मुक्काम आहे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी एका दिवसात पायी होईल का? – एक वाचक, मिरज

होईल. सगळी मिळून पाच-साडेपाच किलोमीटरची चाल आहे आणि चढ कुठेच नाही. त्रास अंतराचा नाही, दमट हवेचा होतो. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही आणि अकरानंतर पाय जड होतात. तेव्हा सकाळी सातच्या आसपास फोर्ट कोचीत असा. इतक्या सकाळी वॉटर मेट्रोची (नव्या बोटसेवेची) वाट पाहण्यापेक्षा एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटणारी जुनी सरकारी बोट बरी. वीसेक मिनिटांत पोहोचवते आणि तिकीटही अगदी किरकोळ.

त्याआधी वार बघून घ्या, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना बंद, शुक्रवारीही दुपारनंतर नाही. रविवारी ही दोन्ही उघडी, पण बाजार रोडच्या घाऊक वखारींना कुलपं आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये सकाळची प्रार्थना. राहिले सोमवार ते गुरुवार.

बोटीतून उतरल्यावर उजवीकडे, समुद्राच्या दिशेनं निघा. आधी मासे धरायची चिनी जाळी लागतात. नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, एक जाळं खाली जाऊन वर येईपर्यंत थांबा. एक जण मुख्य वाशावरून पाण्याकडे चालत जातो, त्याच्या भारानं जाळं खाली उतरतं. काही मिनिटांनी बाकीचे मागचे दोर ओढतात. या दोरांना मोठाले दगड बांधलेले असतात, तेही कमी-जास्त उंचीवर. जाळं वर येऊ लागलं की एकेक दगड खालच्या फळ्यांवर टेकत जातो आणि तोल सांभाळला जातो. म्हणून एवढं अवजड धूड पाच-सहा माणसांना आवरतं. भरती-ओहोटी प्रतिकूल असेल तर जाळी नुसतीच टांगलेली दिसतील. कुणी ‘या, दोर ओढा’ म्हणालं तर पैसे आधी ठरवा.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं; पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. बहुतेक लोक ती जागा पाहून लगेच बाहेर पडतात. भिंतीही बघा. पूर्वी जमिनीत असलेल्या थडग्यांच्या शिळा उचलून भिंतींत बसवल्या आहेत, उत्तरेला पोर्तुगीज आणि दक्षिणेला डच. परेड ग्राउंडला वळसा घालून, प्रिन्सेस स्ट्रीटवर चहा घेऊन, सांताक्रूझ बॅसिलिका पाहून साडेनऊपर्यंत काल्वती रोडला लागा.

पुढे बाजार रोड, आणि आमच्या मते साऱ्या फेरीत सरस तोच. जुन्या वखारी, हातगाड्या, सुंठ-मिरीचा घमघमाट, पाण्याच्या बाजूला उघडणारी मागची दारं. रिक्षानं गेलात तर हेच हुकतं. शिवाय ‘पन्नास रुपयांत सगळं दाखवतो’ म्हणणारा रिक्षावाला तुम्हाला दुकानांत फिरवतो, कारण त्याची कमाई तिथल्या कमिशनवर असते. सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद, म्हणून आधी तिथे जा, मग राजवाडा. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या डोळे भरून पाहा. राजवाड्यात शयनगृहाच्या भिंतींवर रामायण चितारलं आहे, फोटोला मनाई. परतीला मट्टांचेरीच्या जेट्टीवरून बोट.

नाव ‘फोर्ट’ कोची, मग किल्ला कुठे आहे? – एक दुर्गप्रेमी, सातारा

सह्याद्रीतला किल्ला डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराशा होईल. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये कोचीच्या राजाच्या परवानगीनं इमॅन्युएल किल्ला उभारला. १६६३ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि किल्ला आवळून लहान केला. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी बहुतेक तट-बुरूज पाडून टाकले. स्ट्रॉमबर्ग बुरुजाच्या जागेवरचा डचकालीन बॅस्टियन बंगला मात्र उभा आहे. परेड ग्राउंडसमोरचा लाकडी दरवाजाही शोधा; त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची व्हीओसी ही अक्षरं एकमेकांत गुंफून कोरली आहेत, साल १७४०. डच दफनभूमीला बहुधा कुलूप असतं, पण फाटकातून दिसते.

मट्टांचेरीत कोकणी बोलणारे लोक आहेत हे खरं का? – एक वाचक, मडगाव

खरं. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत घराणी इथे स्थिरावली. चेरलाई भागातलं त्यांचं तिरुमल देवस्थान पाहण्याजोगं आहे. दुपारी बंद असतं, आणि केरळातल्या बहुतेक देवळांसारखं पुरुषांनी सदरा काढून, मुंडू (लुंगीसारखं वस्त्र) नेसून आत जायचं. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या इथल्याच वैद्यांची मदत झाली. त्यांनी १६७५ मध्ये कोकणीतून दिलेलं प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलं आहे, आणि तेही ॲमस्टरडॅममध्ये!

पावसाळ्यात जावं का? कॅमेऱ्याचं काय? – एक वाचक, ठाणे

जून-जुलैत पाऊस तासन्‌तास पडतो, नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो, सकाळ मोकळी मिळते. रेनकोटात उकडून जीव जाईल, छत्री घ्या, उन्हातही उपयोगी. सतत पादत्राणं काढावी लागतात, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, आणि शेवाळलेल्या फरश्यांवर जपून. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की थंड काचेवर बाष्प धरतं. अर्धा तास आधी तो बंद पिशवीसकट गॅलरीत ठेवा. नुसती काच पुसून भागत नाही, लगेच पुन्हा धरतं.